भर दुपारची भुतं

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की खान्देशातली घरं रात्री रिकामी होतात. धाब्यावर, गच्चीवर, अंगणात अंथरुणं पडतात. झोप कुणालाच येत नसते. मग एखादं मोठं माणूस सुरू करतं: चिंचेवरचा मुंजा, विहिरीतल्या आसरा, केळीला रात्रीचं पाणी द्यायला गेलेल्या गड्याला बागेत दिसलेला कंदील. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी वाचकांची भयकथेशी पहिली ओळख अशी कानांनी झालेली असते. पुढे तीच मुलं मोठी होतात आणि भयकथा वाचायला लाजतात. वाचनालयाच्या टेबलाशी नेमाड्यांची कादंबरी मागताना खणखणीत असलेला आवाज नारायण धारपांचं नाव घेताना खाली येतो.

हा संकोच आता सोडायला हवा. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठीत आणि मराठीबाहेर भयकथेत जे लिहिलं आणि काढलं गेलंय, ते वाचायचं राहिलं तर नुकसान वाचकाचंच आहे.

धारपांपासूनच सुरुवात करावी लागते. १९२५ साली जन्मलेल्या या लेखकाने शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. अघोरी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा नायक त्यांचाच. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर. हे मोकळेपणाने सांगावं, कारण त्याने धारप लहान होत नाहीत. अमेरिकेतल्या गावातलं भूत त्यांनी मराठी घराच्या माजघरात आणून बसवलं आणि ते परकं वाटलं नाही, हे सोपं काम नव्हे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक गोष्ट सांगितली. ती डोक्यात इतकी रुतली की पंचवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, तिच्यातून ‘तुंबाड’ हा चित्रपट निघाला. छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तकं नव्याने छापली आहेत. अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव. पुस्तकं मिळत नाहीत, ही तक्रार निदान धारपांबाबत तरी करता येणार नाही.

रत्नाकर मतकरींचा रस्ता वेगळा. त्यांनी आपल्या गोष्टींना गूढकथा म्हटलं आणि तो शब्द मराठीत रुजवला. ‘खेकडा’ हा संग्रह १९७० चा, पण आजही रात्री एकट्याने वाचायची छाती होत नाही. मतकरींचं भूत फार वेळा भूत नसतंच. ते मत्सर असतं, अपराध असतो, शेजारच्या खोलीतलं माणूस असतं.

चित्रांतल्या भयकथेबाबतही असाच संकोच आहे. ग्राफिक कादंबरी म्हटलं की जाणत्या वाचकाला ते पोरांचं किंवा परदेशी काहीतरी वाटतं. पण खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि स्मशानातून चाललेला विक्रमराजा ज्यांनी ‘चांदोबा’त पाहिला, ते चित्रातली भीती लहानपणीच वाचायला शिकले होते. शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र भारतभर पोहोचलं. इंद्रजाल कॉमिक्सने परदेशी फँटमला मराठीत आणताना त्याचं नावच ‘वेताळ’ ठेवलं. अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त आलेला वेताळ असा रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत आला. ही परंपरा पुढे मोठ्यांसाठी वाढली नाही, मराठीत भयाची ग्राफिक कादंबरी रुजली नाही, याची हळहळ वाटते.

सध्याच्या मराठी लेखकांत पहिलं नाव हृषीकेश गुप्ते यांचं घ्यावं. ‘अंधारवारी’तल्या कथा भयकथेच्या चाहत्यांनी उचलून धरल्या. पण ‘दंशकाल’ ही मोठी कादंबरी आली तेव्हा तिला भयकथा म्हणावं की कुटुंबकथा, असा पेच पडला. ती दोन्ही आहे. एका घरात पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेलं जे असतं, त्याहून भीतीदायक काय असणार? त्यांची ‘हाकामारी’ ही छोटी कादंबरी रात्री दारात येऊन हाक मारणाऱ्या बाईच्या जुन्या आवईचंच नाव घेऊन येते. अशी आवई माणसं का पसरवतात आणि ती खरी वाटू लागली की काय होतं, हा प्रश्न खान्देशाला फार जवळचा आहे.

कारण इथे भीतीचा वापर शस्त्रासारखाही झालेला आहे. सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत, बाईला ‘डाकीण’ ठरवलं जातं. हा मुलूख १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. मूल आजारी पडलं, बैल मेला, पीक गेलं की बोट एखाद्या विधवेकडे, एकटीकडे, म्हातारीकडे वळतं. मग मारहाण, गावाबाहेर काढणं आणि त्याहूनही वाईट. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या पाड्यांवर जाऊन वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्या माणसावर करणी-चेटुक केल्याचा आळ घेऊन त्याचा छळ करणं हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग अशा मुलखात भुताखेतांची पुस्तकं वाचा म्हणून सांगावं का? जरूर सांगावं. डाकीण ठरवणाऱ्या जमावाला आपण गोष्ट रचतोय हे ठाऊक नसतं. पुस्तक उघडणाऱ्याला ते पहिल्या पानापासून ठाऊक असतं. भीती मनात कशी उभी राहते, अंधारात एक आवाज ऐकून मन बाकीचं कसं भरून काढतं, हे चांगली भयकथा वाचकाला त्याच्याच अंगावर दाखवते. आणि आजची उत्तम भयकथा तर नजर त्या म्हातारीवरून उचलते आणि तिच्या दारात जमलेल्या गर्दीवर ठेवते.

अमेरिकेतल्या एमिल फेरिसची ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ ही ग्राफिक कादंबरी याच कामाची. १९६८ चं शिकागो, दहा वर्षांची कॅरन आणि तिची वही. कॅरन स्वतःला लांडग्याच्या रूपात काढते, कारण माणसांपेक्षा राक्षस तिला भले वाटतात. वरच्या मजल्यावरची अंका ही शेजारीण गूढ रीतीने मरते. तिचा शोध घेताना नाझींच्या काळातलं जर्मनी उघडत जातं आणि खरे राक्षस कोण, हे या पोरीला कळू लागतं. सगळं पुस्तक रेघी वहीवर बॉलपेनने काढल्यासारखं आहे. डासातून आलेल्या वेस्ट नाइल विषाणूने फेरिसचं शरीर लुळं पडलं होतं, तेव्हा हाताला पेन बांधून ती पुन्हा चित्र काढायला शिकली. पहिला भाग २०१७ चा, दुसरा २०२४ चा.

जपानच्या जुन्जी इतोची ‘उझुमाकी’ तशी जुनी, १९९८-९९ ची, पण तिच्यावरची मालिका २०२४ मध्ये आल्यापासून नव्या वाचकांत फिरते आहे. एका गावाला चक्राकार आकाराचं वेड लागतं, एवढीच गोष्ट. धुरात, पाण्यात, केसांत, शेवटी माणसांच्या देहात तो आकार शिरतो. इतो आधी दातांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. शरीर इतक्या नेमकेपणाने बिघडवून दाखवणारा चित्रकार दुसरा नाही. कॅनडाच्या एमिली कॅरलची ‘अ गेस्ट इन द हाउस’ (२०२३) मात्र हळू चढते. बिजवराशी लग्न करून आलेली बाई, नवऱ्याची आधीची बायको आणि करड्या पानांत अचानक फुटणारा लाल रंग.

निव्वळ गद्यातली दोन नावं अशी. अर्जेंटिनाच्या मारियाना एनरिकेस यांची ‘अवर शेअर ऑफ नाइट’ लष्करी हुकूमशाहीच्या काळात घडते. तिथे माणसं रातोरात खरोखरच नाहीशी केली जात होती आणि कादंबरीतला अंधारही माणसं गिळतो. दुसरं नाव स्टीफन ग्रॅहम जोन्स. हा लेखक अमेरिकेतल्या ब्लॅकफीट या आदिवासी समाजाचा. ‘द ओन्ली गुड इंडियन्स’मध्ये (२०२०) चार तरुण वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या जंगलात एल्क या मोठ्या हरणांची शिकार करतात. मारलेल्यांत एक गाभण मादी असते. दहा वर्षांनी ती हिशेब मागायला येते.

जोन्सचं हे पुस्तक सातपुड्याच्या पायथ्याशी वाचताना एक गोष्ट सतत मनात येते. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी देणाऱ्या या डोंगरांतून भिल्ल किंवा पावरा लेखकाची भयकथा आली तर तिच्यात डाकीण ठरवलेल्या बाईच्या बाजूने बोलणारं भूत असेल. आजवरच्या मराठी भयाचं घर बहुधा कोकणात किंवा पुण्यात राहिलं: वाडा, पाऊस, तळघर. खान्देशाचं भय कोरडं असेल. रावेर-यावलच्या केळीबागांतला दिवसाचा गारेगार अंधार, बंद पडलेली जिनिंग, लळिंगच्या किल्ल्याखाली रिकामा होत गेलेला पाडा. आणि भर दुपारचे बारा, जेव्हा घराबाहेर जाऊ नको म्हणून आजी दटावते, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि तरीही कडी वाजते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. खान्देशात वाचक आहेत हे त्या मांडवाने पुन्हा दाखवलं. जळगावच्या व. वा. वाचनालयाने, धुळ्याच्या गरुड वाचनालयाने भयकथांचं एक वेगळं कपाट करावं आणि त्यात चार-दोन ग्राफिक कादंबऱ्या ठेवाव्यात. फेरिस आणि इतोची पुस्तकं महाग आहेत, एकेकट्या वाचकाला परवडणारी नाहीत, म्हणून ती वाचनालयात हवीत. चित्रं असल्याने इंग्रजी थोडं कच्चं असलेल्या कॉलेजातल्या मुलांनाही ती झेपतील, फक्त ती लहान मुलांच्या विभागात जाऊ देऊ नयेत. ज्यांनी या वाटेला पाऊलच टाकलेलं नाही, त्यांनी ‘हाकामारी’ घ्यावी, ती एका बैठकीत होते. मग मतकरींचा ‘खेकडा’. ‘दंशकाल’ला सवड लागते, ती पावसाळ्यासाठी ठेवावी.