पेढीवर हॅकिंटॉश?

अन्य कंपन्यांचे सुटे भाग जुळवून बांधलेल्या संगणकावर ॲपलची मॅकओएस प्रणाली चालवली, की त्यास ‘हॅकिंटॉश’ म्हणतात. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि ही वाट सोपी झाली. बोरी अरबच्या एखाद्या पेढीवरील चिरंजीवांस असा आटोपशीर संगणक गल्ल्याशेजारी मांडावासा वाटला, तर नवल नाही. मॅकच्या मानाने खर्च कमी येतो.

मात्र पेटी जितकी लहान, तितकी निवड काटेकोर हवी. ग्राफिक्स व वाय-फायच्या भागांना मॅकओएसची साथ आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे; एनव्हिडियाची नवी कार्डे चालत नाहीत. संगणक सुरू होताना अडला, तर ओपनकोअरमध्ये ‘व्हर्बोज’ पद्धत निवडावी. पडद्यावर नोंदी उमटतात, गाडे कोठे रुतले ते बहुधा तेथेच कळते.

खरा अडसर निराळा आहे. ॲपलचा परवाना केवळ ॲपलच्याच यंत्रापुरता असतो. असे संगणक विकणाऱ्या सायस्टार कंपनीस अमेरिकी न्यायालयाने २००९ मध्ये मनाई केली. घरी शिकण्यासाठी जुळवले, तरी करार मोडतोच. पेढीवर तर ते मुळीच शोभत नाही. शिवाय इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती २०२५ ची ‘टाहो’, आणि टॅली मॅकओएसवर थेट चालत नाही. खतावणी विंडोजवरच ठेवावी.