दिवाळीचा बोनस आणि त्यातून कापलेला कर

भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक जवळ आले की चिपळूणच्या पेठेत वहीपूजनाची तयारी सुरू होते. त्याच सुमारास खेर्डी, खडपोली आणि लोटे-परशुरामच्या कारखान्यांतील नोकरदारांच्या हाती बोनसच्या पगारपावत्या पडतात आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: बोनस साठ हजार म्हणाले होते, हाती चौतीसच कसे आले? बोनसवर सरकार वेगळा, जबर कर घेते, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली आहे. ती खरी नाही.

बोनस ही एकेकाळी मालकाची मर्जी होती. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षे तो दिला आणि १९२३ सालासाठी थांबवला. त्यावरून १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले हजारो हात तेव्हा त्या गिरण्यांत राबत होते. मॅक्लिऑड समितीने कामगारांचा हक्क नाकारला. पुढे १९६१ मध्ये नेमलेल्या मेहेर आयोगाच्या शिफारशींवरून १९६५ चा बोनस कायदा आला आणि किमान बोनस हक्काचा झाला. आज त्याचे प्रमाण किमान ८.३३ व कमाल २० टक्के असून, महिना २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तो लागू होतो. त्याहून अधिक पगारदारांना मिळते ती करारातील किंवा सानुग्रह रक्कम. प्राप्तिकराच्या दृष्टीने मात्र दोन्ही वेतनच. जे हक्काचे झाले, ते देणगी उरले नाही. म्हणून त्यावर पगारासारखाच कर.

बोनससाठी स्वतंत्र दर नाही. मालकाने वर्षभराच्या वेतनाचा अंदाज घ्यायचा, त्यावरील कर काढायचा आणि तो महिन्यांत विभागून कापायचा, ही प्राप्तिकर कायद्याची रीत. बोनस अंदाजात आधी धरलेला नसेल, तर तो देताना वर्षाचे गणित बदलते आणि वाढलेला सगळा कर उरलेल्या महिन्यांवर येतो. काही हिशेबनीस तो त्याच महिन्यात एकदम कापून मोकळे होतात.

वरच्या साठ हजारांचेच उदाहरण पाहावे. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली, वार्षिक पगार १२ लाख ४० हजार. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न ११ लाख ६५ हजार. ते १२ लाखांच्या आत असल्याने रिबेटमुळे कर शून्य. सप्टेंबरपर्यंत काहीच कापले गेले नाही. ऑक्टोबरात साठ हजार बोनस आला आणि करपात्र उत्पन्न १२ लाख २५ हजार झाले. रिबेट संपला. सरळ दराने कर ६३,७५० रुपये होतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरील रकमेइतकाच, म्हणजे २५ हजार राहतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून २६ हजार. हाती उरले चौतीस हजार. गंमत अशी, की बोनस पस्तीस हजारच असता तर कर शून्य होऊन पुरे पस्तीस हजार हाती आले असते!

यात लबाडी कोणाचीच नाही. पण वर्षाच्या आरंभी बोलणे झाले असते तर बरे झाले असते. मालकाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत भरलेला वाटा नव्या प्रणालीतही मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावटीस पात्र आहे. बोनस देय होण्यापूर्वीच त्यातील काही भाग या मार्गाने देण्याचे ठरले असते, तर हे उंबरठ्यावरचे उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिले असते. रक्कम देय झाल्यावर ती पुढच्या वर्षी घेण्यात अर्थ नाही. वेतन देय होणे किंवा हाती येणे, यांपैकी जे आधी घडते त्याच वर्षी ते करपात्र ठरते. उलट, अठरा हजार पगाराच्या मुलाचे वर्षाचे उत्पन्न बोनससह अडीच लाखांच्या आसपासच असते. दुसरी मिळकत नसेल, तर प्राप्तिकराच्या नावाने त्याचा एक रुपयाही कापता येत नाही. वार्षिक बोनसमधून भविष्यनिर्वाह निधीची कपातही नसते.

काही पेढ्या वहीत न लिहिता बोनस पाकिटातून देतात आणि ते उपकार समजले जातात. प्रत्यक्षात मालकाचा खर्च वजावटीस मुकतो आणि नोकराला घरकर्जाच्या वेळी ते उत्पन्न दाखवता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार सांगितले आहेत. खोटी किंवा अपुरी वही हे पहिल्याचे रोजचे रूप. दुसऱ्याचे रूप अधिक गंभीर आहे: नोकराच्या बोनसमधून कर कापायचा आणि तो सरकारात न भरता धंद्यात फिरवायचा. कापलेला पैसा मालकाचा नसतो, तो ठेव असतो. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, तो भरावाच लागतो. उशीर झाल्यास दरमहा दीड टक्का व्याज. न भरल्यास खटल्याची तरतूद आहे. सणाच्या दिवसांत खेळत्या भांडवलाची ओढाताण असते हे खरे, पण तिची भरपाई नोकराच्या ठेवीतून व्हावी, हे श्रावकाला शोभत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कपातीचे विवरण मालकाने ३१ जानेवारीपर्यंत दाखल करायचे असते. त्यानंतर नोकरदाराने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर आपला फॉर्म २६ एएस उघडून पगारपावतीतील आकडा तिथे उतरला आहे का, हे पाहावे. नसेल तर लेखापालाकडे लेखी विचारणा करावी आणि पगारपावती जपून ठेवावी. पगारातून कर खरोखर कापला गेला असेल, तर मालकाने न भरलेली ती रक्कम खात्याला नोकराकडून पुन्हा मागता येत नाही.