मोकळं रान, मोकळा कुत्रा?

उन्हाळी सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. परिसर अभ्यासाच्या तासाला पाळीव प्राणी आणि जंगली प्राणी यांच्यावर बोलणं चाललं होतं. चौथीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या वाघ्याले बांधलं का तो रातभर केकाटते. मंग डोंगराकडे नेऊन सोडला त काय बिघडते? तिथं त कोनीच नसते."

मी तेव्हा हसलो आणि पुढचा धडा घेतला. तिथेच माझं चुकलं.

आठवडाभराने वाघ्या खरंच मोकळा सुटला. तरणा कुत्रा, अंगात रग. बांधावर हरणाचं एक पाडस दिसलं आणि तो मागे लागला. पोरगं हाका मारत राहिलं, वाघ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. पळता पळता पाडस कठडा नसलेल्या विहिरीत पडलं. लोकांनी दोरखंड आणि बाज सोडून ते वर काढलं. अंगावर दाताची एकही खूण नव्हती, तरी संध्याकाळपर्यंत ते गेलं. हरणाची जात भित्री. जिवाच्या आकांताने पळाल्यावर आणि माणसांच्या गराड्यात सापडल्यावर ती जखमेशिवायही दगावते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात कोणाशी बोलला नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतोय. दूरच्या माळरानात, डोंगरात, जिथे वस्ती नाही, तिथे चपळ कुत्र्याला मोकळं सोडावं का?

आधी कुत्र्याची बाजू घेऊ, कारण ती खोटी नाही. कुत्रा हा धावणारा प्राणी. दिवसभर दोन हात साखळीला बांधला की तो चिडका होतो, खुनशी होतो आणि सुटला की पहिल्यांदा शेजारच्या पोरालाच चावतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही हेच सांगतो. फार आखूड साखळीत कुत्र्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा गुन्हा आहे. म्हणून 'बांधून ठेवा, विषय संपला' असं मी म्हणणार नाही.

पण 'तिथं कोणीच नसतं' हे मात्र साफ चूक आहे. आपल्या बुलढाण्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे, रोही आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला ते कळलं. तो सगळा रस्ता काही जंगलातून नव्हता. तो शेतं, नाले, माळरानं ओलांडत आला. म्हणजे आपण ज्याला ओसाड म्हणतो, ते कोणाचं तरी जाण्यायेण्याचं रान असतं.

शिवाय सगळेच प्राणी पळून जाऊ शकत नाहीत. टिटवी आणि तितर जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तर बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर. कुत्र्याने खेळता खेळता हुंगलं आणि फोडलं, तर त्या पक्ष्याचा हंगाम गेला.

रोगाचंही तसंच. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले. त्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा रोग आहे. उलट रानातून आपल्या घरातही संकट येतं. पिसाळलेला कोल्हा किंवा लांडगा चावला, तर मोकळा फिरलेला कुत्रा रेबीज घेऊन अंगणात येतो. आणि बिबट्याला तर कुत्रा म्हणजे आयती शिकार.

कोणी म्हणेल, मग धनगराचा कुत्रा कसा मोकळा असतो? असतो, पण तो कामावर असतो. लहानपणापासून मेंढरांत वाढलेला, कळप सोडून न जाणारा, मालकाच्या एका शिट्टीवर थांबणारा. त्याच्या गळ्यात दोर नसला तरी शिस्त असते. आपला वाघ्या तसा नाही. मोकळा कुत्रा आणि सुटलेला कुत्रा यांत हाच फरक आहे.

माझं मत असं. जो कुत्रा ससा समोरून पळत असतानाही हाकेला परत येतो, त्यालाच मोकळं सोडावं, आणि तेही आपल्या नजरेपुढे. बाकीच्यांना वीस-तीस हात लांब दोर बांधून, पीक निघालेल्या आपल्याच वावरात सकाळ-संध्याकाळ पळवावं. अभयारण्यात कुत्रा नेऊच नये. अंडी-पिलांच्या दिवसांत माळावरही जपून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, रानातल्या जनावराचा पाठलाग करणं आणि त्याला हाकणं हेही शिकारीत येतं, हे आपण मुलांना सांगत नाही. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

गावात कुत्रा सुटला तर चार लोक ओरडतात, दगड उचलतात. रानात ओरडणारं कोणी नसतं. म्हणून तिथे आपणच जास्त जपायला हवं.

शिक्षक मित्रांनो, हा विषय वर्गात वादविवादाला जरूर घ्या. मुलं दोन्ही बाजूंनी छान बोलतात. शेवटी त्यांना एवढंच विचारा, तुमचा कुत्रा तुमच्या हाकेला येतो का?

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा तो मुलगा सांगत होता, "सर, वाघ्या आता दहा हाकांतून सात हाकेले येते." मी विचारलं, "आणि उरलेल्या तीनचं काय?" तो म्हणाला, "त्या तीनसाठी दोर हाय ना, सर."