शंटिंगचे इंजिन कसे पारखावे

आगगाडीचा खेळ घरी आणावयाचा म्हटला म्हणजे मुलांच्या मनात प्रथम वेगच येतो, आणि वडील मंडळीही त्यांचीच री ओढतात. मग तीच गाडी त्याच वर्तुळात धावताना पाहून आठ दिवसांत सर्वांस कंटाळा येतो व खेळ माळ्यावर जातो. आमच्या मते घरातील पहिले इंजिन शंटिंगचे असावे.

शंटिंग म्हणजे वाघिणी जोडणे, सोडणे व नेमक्या जागी लावणे. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हा याचा उत्तम नमुना होय. मुंबई-नागपूर मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतराचे. १९१७ साली सुरू झालेली आर्वीची लाईन अवघी ७६२ मिलिमीटरची. ती गाडी आता बंद आहे. पण ती चालू असता एका मापाच्या वाघिणीतील माल दुसरीत भरल्यावाचून पुढे जात नसे. आर्वीची लाईन ८७ पट लहान केली तर बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ तिला बरोबर लागू पडतात.

इंजिन घेताना त्याची धाव पाहू नये, चाल पाहावी. ते अंगाने जड असावे व सर्व चाकांनी रुळातून वीज घेणारे असावे. कारण पुष्कळ सांध्यांच्या मध्यभागी वीज नसलेला तुकडा असतो व तेथेच हलकी इंजिने अडतात. रूळ व चाके पुसून ते प्रथम दोन्ही दिशांस अर्धा अर्धा तास फिरवावे. नंतर अगदी थोडी वीज देऊन हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, रुळावर सोडावे. तेवढ्या अंतरास अर्धे मिनिट लागले, तर खरे इंजिन माणसाच्या चालीने जात आहे असे समजावे. मग ते मुद्दाम सांध्यावर थांबवावे. आपण होऊन पुन्हा निघाले पाहिजे. शेवटी पाच वाघिणी मागे ढकलून पाहाव्यात. एकही घसरता कामा नये.

या कसोटीस उतरणारे इंजिन महाग पडते हे खरे. परंतु अडणारे इंजिन दर वेळी बोटाने ढकलावे लागते, आणि बोट लागले की आगगाडीची माया संपली! याउलट सावकाश चालणाऱ्या इंजिनापाशी एकाने सांधा बदलावा, दुसऱ्याने वाघिणी सोडाव्या, तिसरीने वीज सांभाळावी, आणि आजोबांनी स्टेशनमास्तर व्हावे. दहा माणसांच्या घरास याहून सोयीचा खेळ आम्हांस ठाऊक नाही.