शीवेवरची मोकळी जमीन

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी वस्त्यांची नावे आहेत. पाकिटावर पत्ता लिहिताना, शाळेच्या दाखल्यावर, वीजबिलावर ती रोज उमटतात आणि रोजची म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाहीत. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हिंगोली हे परभणी जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. त्याच्या फार पूर्वी, निजामी अमलात, ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे छावणीचे ठाणे होते. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे गेले, तोफा गेल्या, शिपाई पेन्शनीत निघून त्याच मातीत मिसळले. शब्द तेवढे मागे राहिले.

ही फौज नावाने निजामाची, हुकमाने इंग्रजांची आणि खर्चाने रयतेची होती. रेसिडेंट हेन्री रसेल यांनी १८१३ मध्ये हैदराबादेत उभारलेल्या रसेल ब्रिगेडपासून तिचा विस्तार झाला. पैनगंगेच्या खोऱ्यात नौसाजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली हटकरांनी केलेला उठाव १८१९ मध्ये याच फौजेने मोडून काढला. पुढे १८३० नंतर ठगांच्या बंदोबस्ताच्या कामीही हिंगोलीचे नाव येते. परंतु शांततेचा हा पहारा फुकट नव्हता. फौजेच्या पगारापायी निजाम सरकार कर्जात बुडाले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा सुपीक मुलूख त्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. लगेच १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले आणि हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठाण्यांचे लष्करी प्रयोजन संपले. ज्या फौजेसाठी एक प्रांत गेला, ती फौज प्रांत गेल्यावर पन्नास वर्षांतच उठली, हा हिशेब शाळेतल्या मुलांना कोणी मांडून दाखवीत नाही.

लष्कर उठून गेल्यावर त्याच्या जमिनीचे काय होते, हा प्रश्न वरवर महसुली वाटतो. मुंबईच्या उत्तर टोकाला, शीव येथे, त्याचे एक उत्तर पाहावयास मिळते. शीव म्हणजे गावाची हद्द. इंग्रज कंपनीच्या ताब्यातील परळचे बेट येथे संपत असे आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू होत असे. गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जिअर यांच्या कारकीर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, येथील टेकडीवर किल्ला बांधला गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेऊन साष्टीत पाय रोवले, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि या टेकडीवरच्या पहारेकऱ्याला समोर पोर्तुगीजांच्या जागी मराठे दिसू लागले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली; १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. हद्दच पुढे सरकल्यावर हद्दीवरचा पहारा कशासाठी? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला, १८५३ मध्ये पायथ्याजवळून ठाण्याची आगगाडी धावू लागली, आणि किल्ला केवळ टेकडीवरची एक जुनी वास्तू होऊन राहिला.

आज त्याच्या पायथ्याशी पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे. घामाघूम शहरात संध्याकाळी मुले तेथे खेळतात, वृद्ध बाकावर टेकतात, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी पुस्तक घेऊन झाडाखाली बसतात. वर चढून गेले की पडक्या भिंती, एखादी तोफ आणि दूरवर खाडीकडची मिठागरे दिसतात. किल्ल्याच्या दुरुस्तीला २००९ मध्ये हात घालण्यात आला आणि पैशाअभावी ते काम अर्ध्यावर थांबले, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच झाले. तरीही टेकडी मोकळी राहिली. मुंबईसारख्या शहरात जमिनीचा एवढा तुकडा अद्याप कोणी गिळला नाही, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

दक्षिण मुंबईतील मैदानांची कथा याहून बोधक आहे. मराठ्यांच्या धास्तीने १७४३ च्या सुमारास मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणला गेला. कोटासमोरची जमीन मोकळी ठेवण्यात आली ती तोफांच्या माऱ्यात आडोसा राहू नये म्हणून. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर ती आणखी रुंद केली गेली. हेच एस्प्लनेड. लोकांना हवा मिळावी असा विचार त्यामागे कोणाच्याही डोक्यात नव्हता. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना याच मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. १८६० नंतर सर बार्टल फ्रियर यांनी तट पाडविला, त्या जागी विद्यापीठ, सचिवालय, उच्च न्यायालय उभे राहिले. उरलेल्या पट्ट्यातून आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने शिल्लक राहिली.

ती मैदाने लोकांना सहजासहजी मिळाली नाहीत. १८८० नंतर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्टी उखडते म्हणून हिंदी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी तो लढा चिकाटीने लढविला. शेकडो मुलांचे मैदान मोठे की मूठभर साहेबांची करमणूक मोठी, एवढाच वाद होता. १९३० च्या सत्याग्रहात तेथे लाठ्या खाल्लेल्या लोकांमुळे पुढे त्यातील एका भागाला आझाद मैदान हे नाव लाभले. लष्कराने सोडलेली जमीन आपोआप लोकांची होत नाही. ती जिमखान्याची होते, कचेरीची होते, गोदामाची होते; लोक हट्टाने मागतात तेव्हाच ती लोकांची होते.

मराठवाड्यातील शहरांना हे आज सांगण्याचे कारण आहे. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षण पडते, वर्षे लोटतात, नगरपालिकेकडे संपादनाचे पैसे नसतात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये दहा वर्षांनंतर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण उठते. त्यात मालकाचा दोष काढता येणार नाही. त्याने किती दिवस वाट पाहावी? नकाशावरचा हिरवा रंग मात्र पुसला जातो. जुन्या छावणीची जी जमीन सरकारकडेच राहिली असेल तिला ही अडचण नाही. ती विकत घ्यावी लागत नाही. ती वाटून टाकली नाही म्हणजे पुरे. पण सरकारी जमीन ही कोणाचीच नाही असे समजून प्रत्येक खाते तिच्यातून एकेक गुंठा कापून घेते, आणि शेवटी मुलांना खेळायला रस्ता उरतो.

म्हणून पहिले काम उद्यानाच्या भूमिपूजनाचे नसून दप्तर उघडण्याचे आहे. छावणीची मूळ हद्द कोणती होती, १९०३ नंतर कोणती जमीन कोणाकडे गेली, आज मोकळी किती आहे, हे भूमी अभिलेख कार्यालयाने मोजून नकाशासह जाहीर करावे. उरलेल्या जागेवर झाडे लावावीत, आणि फाटकाशी नुसते पुढाऱ्याचे नाव न कोरता नौसाजी नाईकांचा उठाव, फौजेचा खर्च व वऱ्हाडचा सौदा चार ओळींत लिहावा. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दरवर्षी दसऱ्याचे मोठे प्रदर्शन भरते, पंचक्रोशीतून माणसे लोटतात. येत्या दसऱ्याला त्यातल्या एका दालनात जुन्या छावणीचा नकाशा टांगला, तर पलटण आणि रिसाल्यात राहणारी माणसे आपले घर त्यात कोठे येते हे शोधायला नक्कीच थांबतील.