शाबीत, संशयित आणि ‘संभाव्य’

जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या द्रव्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग-संशोधन संस्थेने दिलेला निर्णय मराठीत उतरला, तेव्हा मूळ इंग्रजीतील ‘पॉसिबली’चे ‘संभाव्य’ झाले. आणि तांबड्या मांसाविषयी २०१५ साली तिनेच योजलेल्या ‘प्रॉबेबली’लाही आपल्याकडे सर्रास तोच प्रतिशब्द मिळत असल्यामुळे, दोन निराळ्या पायऱ्यांवरील पदार्थ वाचकापुढे एकाच पायरीवर येऊन बसले. रोगाचे नाव घेताना असा घोळ झाला नव्हता. ग्रीकांनी ज्याला खेकडा म्हटले, त्याला आपणही कर्कच म्हणतो.

सारा दोष भाषांतरकाराच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नव्हे, कारण मूळ शब्दच फसवे आहेत. व्यवहारात ज्या शब्दांनी माणूस एखादी गोष्ट घडण्याचा संभव सांगतो, त्याच शब्दांनी ही संस्था आपल्यापाशी पुरावा किती भक्कम आहे एवढेच सांगते. पदार्थ किती मात्रेत, किती घातक, याचा निवाडा त्या वर्गवारीत होतच नाही. म्हणूनच तंबाखूचा धूर आणि खारवून टिकवलेले मांस ही दोन्ही पहिल्या वर्गात शेजारी नांदतात. खिसेकापू आणि दरोडेखोर या दोघांवरही गुन्हा शाबीत झाला, म्हणून काही दोघांचा गुन्हा सारखा ठरत नाही.

माझे मत विचाराल तर आपण कचेरीतले जुने शब्दच जवळ करावेत: पहिला वर्ग ‘शाबीत’, त्याखालचा ‘सबळ संशयित’ आणि त्याहूनही खालचा नुसता ‘संशयित’. ॲस्पार्टेम या शेवटच्यांतले. तो निर्णय जाहीर झाला त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही त्याची दैनंदिन मर्यादा कायम ठेवली, हे ‘संभाव्य’च्या गदारोळात दबूनच गेले.

आणि जी शाबीत आहे, ती सुपारी, तंबाखूवाचूनही, एकटी, त्या संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून पहिल्या वर्गात असूनही, आपल्या तबकात सन्मानाने मिरवते. गेल्या वैशाखात एका लग्नघरी पंगत उठल्यावर एका वयस्कर बाईंनी अडकित्त्याने बारीक कातरलेली सुपारी, कात, चुना, लवंगा असा सरंजाम माझ्यापुढे सरकवला, आणि मी घुटमळतो आहे असे पाहून आर्जवाने म्हणाल्या, “घ्या हो, तंबाखू नाही त्यात!” मी लवंग तेवढी उचलली.