जिन्यातली सायकल

जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत कामाला गेलो की आम्ही लिफ्टच्या रांगेत उभे राहतो. जिना कोणत्या कोपऱ्यात आहे, हे परवापर्यंत पाहिलेही नव्हते. आगीत लिफ्ट वापरायची नसते, जिनाच कामी येतो.

आता आपली माणसेही उंचावर राहू लागली आहेत. जळगाव-धुळ्यात अपार्टमेंट झाली, आणि पोटासाठी मुंबईला गेलेली भावकी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत गेली. गोरेगावच्या अशाच एका इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे तळमजल्यावरच्या गाड्या, भंगार पेटले. आग खाली होती, पण धूर वर चढला. किमान सात माणसे गेली.

आमची मावशी मुंबईत चौथ्या मजल्यावर राहते. दिवाळीत गेलो तर जिन्यात सायकली, पिंप, मोडका पलंग. गच्चीला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे म्हणून विचारले तर तीन नावे निघाली. मावशीचे गुडघे गेलेले. म्हणाली, "पोरगा नेईल की खाली." पोरगा रात्रपाळीला असतो!

त्या रात्री पाच घरे जमवली. प्रत्येक मजल्याला दोघे नेमले. एकाने दारे ठोकायची, दुसऱ्याने रस्त्यापलीकडे माणसे मोजायची. फाटकात थांबायचे नाही, तिथून बंब येतो. १०१ ला फोन कोणी करायचा, हेही ठरले. मावशीला खुर्चीत उचलायला तिसऱ्या मजल्यावरचे दोन पोरगे तयार झाले. जिन्यात धूर भरला असेल तर उतरायचे नाही. दार लावून फटीत ओले कापड कोंबायचे, खिडकीशी उभे राहून हाक मारायची.

रविवारी शिट्टी वाजवून पाहिली. एक वहिनी अर्ध्या जिन्यातून परत वर गेल्या, जातीच्या दाखल्याची पेटी आणायला. सगळे हसले, आम्हाला हसू आले नाही. दाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे आम्ही कारकुनी करताना रोज पाहतो. तरी त्यांना सांगितले, वहिनी, पेटी राहू द्या.

आणि ओरडायचे कोणी, हेही आधी ठरवायचे. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे येथे पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची नुसती आवई उठली. लोक रुळांवर उतरले, समोरून दुसरी गाडी आली आणि डझनभर जीव गेले.

२००६ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे इमारतीची आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. मावशीच्या सोसायटीत तो कोणी पाहिलेला नाही. आम्ही अर्ज लिहून दिला आहे.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीच्या स्फोटात अग्निशमन दलाचे अनेक जवान गेले, म्हणून तोच अग्निशमन सेवा दिन. येत्या जयंतीला मिरवणुकीआधी पुन्हा शिट्टी वाजवायची ठरली आहे. पलंग, पिंप हलले. दुसऱ्या मजल्यावरची एक सायकल मात्र अजून तिथेच आहे.